जट सोडवताना

९ फेब्रुवारी, सोमवार

किशोर आज दुपारी जेवायला आला तेव्हा स्कूटरवर पायाशी एक पोतं होतं. मला वाटलं, दुकानातल्या तेलकट चिंध्या धुवायला आणल्या. मग पोतं हललं. कुत्रं होतं ते. हायवेला त्याच्या पंक्चरच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग आहे, तिथे गेले काही दिवस येऊन बसत होतं म्हणे. किशोर त्याला पाव घालत होता. कुणीतरी गाडीतून आणून कुंभिवलीच्या फाट्यावर सोडून गेलं असणार, कारण गळ्यात चामड्याचा पट्टा आहे आणि जात लांब केसांची, आपल्याकडची नाही. पण केस असे कुठे उरलेच नाहीत. सगळ्या अंगाची एकच मळकी गोधडी झाली आहे. डोळे कुठे, शेपूट कुठे, कळत नाही.

सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, जिच्या डोक्यावर देवी तिनं कुत्र्याला शिवायचं नाय. किशोर म्हणाला, ती नाय शिवणार, मीच बघीन. आणि जेवून दुकानात निघून गेला. मग पाणी मलाच ठेवावं लागलं. पाणी पिताना पाहिलं, मादी आहे. संध्याकाळी किशोरने नाव पोती ठेवलं.

ही डायरी त्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिली. त्याला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून माझ्याकडे आली. बारावीपर्यंत निबंधात मला चांगले मार्क पडायचे. आता काय लिहायचं ते सुचत नाही, तर आपलंच लिहिते.

येत्या चैत्रात माझ्या जटेला नऊ वर्षं होतील. बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर तापाने मी अंथरूण धरलं. वेणी घालायला कुणी नव्हतं आणि मलाही नको होती. उठले तेव्हा मागचे केस एकमेकांत मुरून गेले होते. सासूबाईंनी भगताला बोलावलं. तो म्हणाला, देवी आली आहे, फणी लावू नका, कात्री तर नाहीच. तेव्हापासून सासूबाईंनी मला वांझ म्हणणं सोडलं, किशोरने दारू सोडली. ज्या बाया माझी सावली टाळायच्या त्या मंगळवारी हळदकुंकू घेऊन येतात आणि मला माय म्हणून पाया पडतात. देवीने माझं घर राखलं. बाकी मला काही कळत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या हातून वाईट झालं.

काल सासूबाई देवळात गेल्या तेव्हा पोतीला कोमट पाण्याने आणि शाम्पूने चांगली न्हाऊ घातली. वाटलं, मळ निघाला की गुंता आपोआप ढिला होईल. झालं उलटंच. वाळल्यावर एकेक गुठळी लाकडासारखी झाली आणि अंगाला आणखी घट्ट बसली. आज मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली. कानामागची गुठळी हाताने वर ओढून कापली. गुठळीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि केसांत ती दिसत नाही, हे मला कुठे ठाऊक? कात्री कातडीत गेली. पोती चावली नाही, भुंकलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी हळद दाबून धरली होती तेवढ्यात किशोर आला. माझे हात रक्ताने भरलेले. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. आधी माझं डोकं, मान, सगळं चाचपलं त्याने. रक्त कुत्रीचं आहे म्हटल्यावर तिथेच उंबऱ्यात बसला. देवीला काही इजा झाली असती तर गावात काय तोंड दाखवायचं, या विचाराने घाबरला असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खालापूरला गुरांच्या दवाखान्यात गेलो. मी पोतीला मांडीवर घेऊन मागे बसले होते. डॉक्टर आयशा म्हणून आहेत, कर्जतच्या, तिशीच्या आतबाहेर. त्यांनी कानामागे दोन टाके घातले. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दर आठवड्याला कुणीतरी अशीच कात्री लावून येतं.

मग जट कशी सोडवायची ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. ओल्या जटेला हात लावायचा नाही, पाण्याने ती आवळते. आंघोळ अगदी शेवटी. आधी मक्याचं पांढरं पीठ गुठळीत चोळायचं, म्हणजे केस एकमेकांवरून सरकतात. मग डाव्या हाताची बोटं कातडी आणि जट यांच्या मध्ये घालून मुळाशी धरायचं. शेंड्याकडून सुरुवात करायची, बोटांनीच गुठळी फाडत फाडत लहान करायची, शेवटी मोठ्या दातांची फणी. जिथे बोट मध्ये शिरतच नाही ती जट सोडवायची नाही, तिथे कात्रीही नको. ती इथे आणायची, मशीनने काढू.

“ओढ तुमच्या बोटांना बसली पाहिजे,” त्या म्हणाल्या, “तिला नाही. ती तोंड वळवायला लागली की थांबा. एका दिवसात संपवायचं नसतं.”

निघताना त्यांनी एकदम मला विचारलं, तुमची मान एका बाजूला असते, दुखते का? मी म्हटलं, पाणी वाहून दुखते. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेल्या. शिकलेल्या बायका बघतातच तसं. मला सवय आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेपटीची एक बाजू मोकळी झाली. शेपूट आहे हे आज कळलं.

सुटलेली गुठळी हातात घेतली तर कापसासारखी हलकी. तिच्या अंगावर होती तेव्हा दगड. बोटांना आता आपोआप समजतं, कुठे केस धरून आहेत आणि कुठे नुसते अडकलेत. यातले निम्मे केस कधीच गळून मेलेले असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिवंत केस त्यांना धरून ठेवतात, म्हणून ते खाली पडत नाहीत.

सासूबाई माझ्यावर गोमूत्र शिंपडतात. त्यांनी पोतीला काल दूधभात घातला, मी बघत नाही असं समजून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाया जास्त होत्या. चौरंगावर बराच वेळ बसावं लागलं. जट सोडून पाठीवर ठेवायची असते, तेव्हा मान मागे ओढली जाते. उठताना डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि नारळ हातातून सुटला. बायांतल्या नंदाताई म्हणाल्या, देवीचा संचार झाला. असेल.

किशोरने एक गंमत केली आहे. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, त्याला जोड देऊन, आत कापूस भरून एक गोल चुंबळ केली. रात्री मानेखाली घ्यायची, म्हणजे जट मध्ये पोकळीत राहते आणि डोक्यावर भार येत नाही. देवीला टेकायला जागा केली त्याने. माझ्या नवऱ्याची भक्ती बोलण्यात दिसत नाही, पण आहे. नऊ वर्षं तो पडवीत झोपतो आहे, तेही त्यातूनच.

पोती मात्र विचित्र करते. मी खाली बसले की मागून येऊन मानेपाशी हुंगते आणि बारीक कुंईकुंई करते. तेलाचा वास आवडतो वाटतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पोतीच्या मागच्या पायापासून पोटापर्यंत एक पत्राच झाला होता, त्यात बोट शिरेना. आज डॉक्टरांनी मशीनने काढला. मी डोकं धरलं होतं. मशीन तापलं की त्या थांबायच्या, पात्याची उष्णता स्वतःच्या मनगटावर बघायच्या, मग पुढे. अखेर तो सगळा पत्रा एका तुकड्यात सुटून आला. खाली कातडी लाल, ओली, मध्ये जखम. बऱ्याच दिवसांची होती. हवा न लागल्यामुळे भरली नाही म्हणाल्या.

वास आला. तो वास मला ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना.

घरी आणून खाली सोडलं तर ती दोन पावलं चालून थांबली. मग पाय लांब टाकून बघितला. पुन्हा टाकला. आणि अंगणभर पळाली. मला वाटायचं तिची चालच आखूड आहे. तिच्या पोटाचे आणि पायाचे केस एकात एक शिवल्यासारखे झाले होते, त्यामुळे तिला पाय टाकताच येत नव्हता.

किशोर हसत होता. माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, “तुझी मान लय दुखती का गं?” मी म्हटलं, नाही. देवीची तक्रार कशी करायची?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नंदाताई आज त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. रसिका तिचं नाव, लग्नाला वर्ष व्हायचं आहे. मध्ये टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती. नंदाताईंनी तिला माझ्यासमोर पाठमोरी बसवलं आणि मानेवरचे केस बाजूला केले. लिंबाएवढी गाठ.

“माय, हिला पण आली,” त्या म्हणाल्या. “तू हात लावून सांग. मग भगताला बोलावते.”

सासूबाईंनी लगेच हात जोडले. बाकीच्या बायाही जवळ आल्या. रसिकाचे दोन्ही हात मांडीत घट्ट धरलेले होते. मी हात लावला नाही. म्हटलं, आज मला बरं नाही, शुक्रवारी या.

जाताना ती मागे राहिली आणि तिने हळू विचारलं, “हे आता कायमचं का?”

मला कुणी असं विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

नंदाताई सासूबाईंबरोबर चहाला आत गेल्या होत्या. रसिका माझ्यासमोर बसली होती. मी फक्त बघणार होते. बोटं गाठीखाली घातली. ती सहज आत गेली. वर गाठ होती, खाली केस मोकळे, एकेक वेगळा. तापात उशीवर डोकं घासून झालेला साधा गुंता. पोतीच्या कानाजवळचा याहून वाईट होता.

देवी अशी असते का, मला माहीत नाही. पण गुंता कसा असतो हे आता माझ्या बोटांना माहीत आहे. ते त्यांना विसरायला सांगता येईना.

पिठाचा डबा खिडकीतच होता. मी मुळाशी धरलं आणि शेंड्याकडून सुरुवात केली. तिच्या मानेची कातडी थरथरत होती. मी म्हटलं, दुखलं की सांग, मी थांबेन. ती म्हणाली, दुखत नाही. थोडे केस तुटले, बाकी सगळे सुटले. मी फणी फिरवली तेव्हा नंदाताई कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या.

“माय, काय केलंस हे?”

“गुंता व्हता,” मी म्हटलं. “सोडवला.”

नंदाताईंनी रसिकाचा हात धरून तिला उठवलं आणि चहा तसाच ठेवून गेल्या. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“मग तुझ्या डोक्यावर काय हाय गं?”

मी फणीत अडकलेले केस काढत राहिले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

किशोरच्या दुकानावर बातमी कालच पोचली होती. आज दुपारी तो आला, साबणाने हात बराच वेळ धुतले, जेवला, आणि पोतीला दोरी लावून बाहेर पडला. हायवेच्या बाजूला गेला. तिकडेच बार आहे. मी भांडी घासत होते, पण लक्ष सगळं रस्त्याकडे. देवीच्या धाकाने सुटलेली दारू, धाक गेल्यावर परत यायला किती वेळ लागणार?

तो आला. मी जवळ जाऊन वास घेतला. नव्हता. त्याला कळलं मी काय करते आहे ते, आणि तो पोतीची दोरी सोडायला वाकला.

१० मार्च, मंगळवार

मागच्या मंगळवारी दोघीतिघी तरी आल्या होत्या. आज कुणीच नाही. मी चौरंग मांडला, ताट लावलं, आणि बसून राहिले. सासूबाई दारात बसून रस्त्याकडे बघत होत्या. ऊन ओट्यावर चढलं तेव्हा मी उठले आणि तांदूळ निवडायला घेतले. हळदकुंकवाचं ताट सासूबाईंनीच उचललं. त्या मला काही वाईटसाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नळावर गेले तर बायांनी मला जागा करून दिली, नेहमीसारखी, पण कुणी बोललं नाही. देवी नाही तर मी कोण, हे त्यांना कळत नसेल. मलाही नीट कळत नाही. बाया येईनाशा झाल्यावर उरलेल्या या बाईकडे बघितलं तर ती फार एकटी आहे, असं वाटतं.

आणि मान दुखते. दुखतेच. पहिल्यांदा लिहिते आहे.

१२ मार्च, गुरुवार

पोतीची जखम दाखवायला गेले होते. भरली आहे. किशोर बाहेर स्कूटरपाशी होता. मी डॉक्टर आयशांना म्हटलं, आमच्या गावात एक बाई आहे, तिच्या डोक्यात पुष्कळ वर्षांची जट आहे, बोट मध्ये जात नाही, तिने काय करावं?

त्या पोतीच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “देवाधर्माचं मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्या बाईला सांगा, ओढायचं नाही, भिजवायचं नाही. डोक्यापासून बोटभर अंतर ठेवून, मध्ये बोटं ठेवून, थोडं थोडं कापायचं. ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याने. आणि खाली जखम असेल तर दुसऱ्या दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. माझ्याकडे नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, “मी त्या बाईची पहिल्या दिवसापासून वाट बघत होते.”

परत येताना मी किशोरला पाताळगंगेच्या पुलाअलीकडे थांबायला सांगितलं. म्हटलं, मला जट काढायची आहे. त्याने स्कूटर बंद केली.

“काढल्यावर तुला काय झालं तर?”

“पोतीला झालं का?”

“पोती कुत्री हाय.”

मी म्हटलं, मला माझी भीती नाही, तुझी आहे. देवी गेली की तू पुन्हा पिशील. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी परक्या भाषेत बोलले.

“देवीचा काय संबंध?” तो म्हणाला. “तू तापात व्हतीस. मी पिऊन पडलो व्हतो. तू पाणी मागत व्हतीस ते मला ऐकू येत व्हतं आन् उठता येत नव्हतं. त्या दिवशी सोडली. तुझे केस चिकटल्याचं आईनं त्याच्या नंतर बघितलं. दारू आधी सुटली, वनिता. देवी मागनं आली.”

नऊ वर्षं मी ते उलटं धरून बसले होते.

मग कधी बोलला का नाहीस, विचारलं. तो म्हणाला, बाया पाया पडायला लागल्या तशी तू जेवायला लागलीस. कशाला बोलू? आणि पडवीत का झोपतोस? तर भगताने त्याला सांगितलं होतं, झोपेत एक केस जरी ओढला गेला तरी ही जिवानिशी जायची. म्हणून.

 ट्रक जात होते. पोती आमच्या दोघांच्या मध्ये बसून होती.

१५ मार्च, रविवार

सासूबाईंना काल सांगितलं. रडल्या नाहीत, शाप दिला नाही. सकाळी पिशवी भरून भिसेगावला नणंदेकडे निघाल्या. मला बघवायचं नाय, म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मला जवळ बोलावलं.

“उकिरड्यावर टाकू नका. नदीत सोडा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी खरंच समजले व्हते गं. तुला वाचवायला आली, असं.”

मी म्हटलं, मीही.

किशोरने दुकान उघडलं नाही. अंगणात उन्हात मला पाटावर बसवलं. पीठ, फणी, नवीन कात्री. हजारो टायरांतली भोकं शोधलेली त्याची बोटं, पण कुठे धरायचं ते त्यांना कळेना. मी त्याला सांगत गेले: मुळाशी धर. आता मध्ये बोट घाल. शिरत नाही तिथे जबरदस्ती नको, बाजूने ये. कातडी कुठे आहे ते आधी हाताला कळू दे. तो प्रत्येक वेळी विचारायचा, दुखतंय? मी खरं सांगत होते. दुखलं तिथे हो म्हटलं.

मधून मधून थांबलो. एकदा चहा केला त्याने. ऊन पडवीत शिरलं तेव्हा शेवटचा धागा तुटला आणि काहीतरी मागे पडल्याचा आवाज झाला. माझं डोकं एकदम पुढे गेलं. मान सावरता येईना, लहान मुलासारखी डुलायला लागली. त्याने दोन्ही हातांनी माझं कपाळ धरलं.

मानेवर, जटेच्या बरोबर खाली, जखम आहे. त्याने सांगण्याआधी मला वास आला. तेव्हा कळलं, पोतीच्या वेळी तो ओळखीचा का वाटला होता. माझ्याच उशीचा वास होता तो. उद्या कर्जतला डॉक्टरकडे जायचं.

राहिलेल्या बोटभर केसांतल्या गाठी त्याने बोटांनी सोडवल्या. मग कोमट पाणी आणलं आणि जखम टाळून, तांब्याने हळूहळू घातलं. पाणी डोक्याच्या कातडीला लागलं. नऊ वर्षांत लागलं नव्हतं. ते कानामागून, गळ्यावरून, पाठीवर कुठे कुठे जातंय ते सगळं मला वेगवेगळं कळत होतं. मला बाळ आठवलं. त्याला कुणी न्हाऊ घातलंच नव्हतं. मी ते मोठ्याने म्हटलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी बाळाचा शब्द काढला नव्हता.

तांब्या थांबला. मागून आवाज यायला लागला, तो पहिल्यांदा कुत्रीचा वाटला मला. किशोर रडत होता. मान आता वळत होती, मला मागे बघता आलं असतं. मी समोरच बघत बसले आणि हात मागे केला. बऱ्याच वेळाने त्याने तो धरला.